पडून उठणारी नौका
कॅडेट, इयत्ता दहावी (तिलवारा, जबलपूर)

आमचे घर जबलपूरला, तिलवारा घाटाजवळ आहे. सुट्टीत घरी गेलो की पहाटे पीटीची शिट्टी वाजत नाही, पण सवयीने जाग येतेच. मग मी घाटावर जाऊन बसतो. या दिवाळीच्या सुट्टीत तिथे दोन गोष्टी घडल्या. हा लेख त्या दोन गोष्टींमुळे लिहिला आहे.

पहिली गोष्ट माझ्या चुकीची. मावसभाऊ आणि धाकटी बहीण यांना घेऊन मी होडीत बसलो. होडी नेहमीची, लाकडी, सपाट तळाची. नदीच्या मध्यावर गेल्यावर पुलाचा फोटो काढायला मी उभा राहिलो. माझे पाहून मावसभाऊही त्याच बाजूला उभा राहिला. होडी एकदम कलली, काठावरून पाणी आत आले आणि बहीण किंचाळली. होडीवाले काका ओरडले, "बैठ जाओ भैया, बैठ जाओ!" आम्ही मटकन खाली बसलो. होडी दोनदा डुलली आणि सरळ झाली. बहिणीच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. ते घालायला लावणे मोठा भाऊ म्हणून माझे काम होते, आणि मी ते केले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. आजोबांना हे सांगण्याचे धैर्य मला होत नव्हते, पण बहिणीने ते काम आधीच उरकले होते. आजोबा कारखान्यात फिटर होते. ते रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून तिकिटांचा जुना अल्बम काढला आणि १९८७ सालचे एक टपाल तिकीट दाखवले. त्यावर 'तृष्णा' नावाची शिडाची नौका होती. ते म्हणाले, "ही आपल्या सेनेची. सदतीस फूट लांब, फायबरग्लासची. सगळ्या पृथ्वीला फेरी मारून आली. तुझी होडी दोन पोरं उभी राहिल्यावर उलटायला आली होती. ही वादळातही का उलटत नाही, ते शोधून काढ. मग मी तुझ्या आईशी बोलतो."

शाळेत परतल्यावर वाचनालयात बसून, भौतिकशास्त्राच्या सरांना विचारून आणि हॉस्टेलमधल्या कपडे भिजवायच्या टबात प्रयोग करून मी जे समजून घेतले, ते इथे मांडतो आहे.

तृष्णा म्हणजे केवढी?

भारतीय सेनेच्या अभियंता दलाचे, म्हणजे कोअर ऑफ इंजिनिअर्सचे अधिकारी तृष्णा घेऊन २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघाले आणि १० जानेवारी १९८७ रोजी परत आले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ही पहिली भारतीय नौका. प्रवास सुमारे ३०,००० सागरी मैलांचा आणि दिवस सुमारे ४७०.

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची असते. तृष्णा तिच्या अर्ध्याहून थोडीशीच जास्त. बोलर रनअप घेऊन जिथून चेंडू सोडतो, तिथून खेळपट्टीच्या मध्यापर्यंत चालत जा आणि आणखी दोन पावले टाका. एवढ्या लांबीत झोपायचे, शिजवायचे, नकाशे पाहायचे आणि महासागर ओलांडायचा.

अशा नौकेला इंग्रजीत 'क्रूझर' म्हणतात. शर्यतीच्या लहान होडीत खलाशी काही तासांसाठी बसतो. क्रूझरमध्ये तो राहतो. म्हणून तिच्या रचनेत तीन प्रश्न सोडवावे लागतात. ती तरंगायला आणि सावरायला हवी. वाऱ्यावर पुढे जायला हवी. आणि आत माणूस जगायला हवा. यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यापासून सुरुवात करू.

कलणे आणि सावरणे

तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूवर दोन बले काम करतात. तिचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाणी तिला वर ढकलते, आणि ते बल वस्तूचा जो भाग पाण्यात बुडाला आहे त्याच्या मध्यातून लागते. त्याला प्लवनमध्य म्हणू. नौका सरळ असताना दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि प्लवनमध्य कललेल्या बाजूला सरकतो. मग एक बल खाली आणि दुसरे शेजारून वर, अशी जोडी तयार होते. ही जोडी नौकेला सरळ करत असेल तर आपण वाचलो. उलट दिशेने फिरवत असेल तर पोहायची तयारी करावी.

घाटावरची होडी रुंद आणि सपाट असते. थोडी कलली की कललेल्या बाजूचा मोठा भाग पाण्यात जातो, प्लवनमध्य पटकन तिकडे सरकतो आणि होडी सावरते. याला आकारामुळे मिळालेले स्थैर्य म्हणतात. सुरुवातीला ते भरपूर असते, म्हणून सपाट होडी पाय ठेवताच भक्कम वाटते. पण एका मर्यादेनंतर काठ पाण्याखाली जातो आणि ते स्थैर्य संपते. आम्ही दोघे उभे राहिलो तेव्हा दोन चुका एकदम झाल्या. आमच्या वजनामुळे गुरुत्वमध्य वर गेला, आणि शिवाय एका बाजूला गेला. काकांनी "बैठ जाओ" म्हटले ते भौतिकशास्त्राचे अचूक उत्तर होते. बसल्यामुळे गुरुत्वमध्य खाली आला आणि होडीला पुन्हा संधी मिळाली.

समुद्रावरच्या क्रूझरला एवढ्यावर भागत नाही. तिच्या तळाखाली एक जड पाते असते, त्याला कील म्हणतात. त्यात शिसे किंवा ओतीव लोखंड असते. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड, म्हणून थोड्या जागेत खूप वजन मावते. या वजनामुळे सगळ्या नौकेचा गुरुत्वमध्य खाली खेचला जातो. याला वजनामुळे मिळालेले स्थैर्य म्हणतात.

आता दहावीचे त्रिकोणमिती कामाला येते. समजा १०० किलो शिसे नौकेच्या मध्यापासून दीड मीटर खाली आहे. नौका सरळ असताना ते कुठल्याच बाजूला फिरवत नाही. ती θ अंश कलली की शिशाचे बाजूचे अंतर १.५ × साइन θ मीटर होते. १० अंशांना ते सुमारे ०.२६ मीटर, ३० अंशांना ०.७५ मीटर, आणि नौका पूर्ण आडवी झाली, म्हणजे ९० अंशांना, पूर्ण १.५ मीटर. नौका जितकी जास्त पडेल, तितका कील तिला जोराने परत ओढतो.

वाऱ्याचे याच्या उलट होते. शीड सरळ उभे असताना वारा त्याला पूर्ण पकडतो. नौका कलली की शीडही कलते, वाऱ्यासमोरची त्याची उंची कमी होते आणि बराचसा वारा वरून निसटून जातो. आडव्या पडलेल्या शिडावर वाऱ्याची पकड जवळजवळ उरतच नाही.

म्हणजे कलता कलता पाडणारा दुबळा होत जातो आणि सावरणारा बलवान. हे मला सर्वांत आवडले. क्रूझर न पडण्यासाठी बनवलेलीच नसते. ती पडेल असे धरून, पडल्यावर उठेल अशी बनवलेली असते.

यालाही मर्यादा आहे. एका कोनापलीकडे नौका सावरण्याऐवजी पालथी होऊ लागते. समुद्रावर जाणाऱ्या बऱ्याच चांगल्या क्रूझरमध्ये हा कोन १२० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे डोलकाठी पाण्याखाली गेल्यावरही ती परत येऊ शकते. फुटणारी प्रचंड लाट त्याहूनही पुढे लोटू शकते. पण पालथ्या स्थितीत कील वर आकाशाकडे असतो, तो नौकेला त्या स्थितीत टिकू देत नाही, आणि पुढची एखादी लाट तिला पुन्हा सरळ करते.

टबातला प्रयोग

हे खरे आहे का, ते तुम्हीही पाहू शकता. साहित्य : एक लिटरच्या दोन रिकाम्या प्लास्टिक बाटल्या, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, सात-आठ नट, चिकटपट्टी आणि खराट्याच्या दोन काड्या.

पहिली बाटली उभी चिरून अर्धी करा. ही झाली घाटावरची होडी. ती छान तरंगते. एका काठावर नट ठेवत गेलात तर ती कलत जाते, काठ पाण्याला टेकतो, आणि मग एका क्षणात भरून बुडते.

दुसरी बाटली पूर्ण ठेवा, झाकण घट्ट लावा आणि आडवी तरंगवा. वरच्या बाजूला काडी चिकटवून डोलकाठी करा. ती लगेच पडते, कारण गोल बाटलीला आकाराचे स्थैर्य नाही. आता नट तिच्या तळाला बाहेरून चिकटवा. काडी उभी राहते, पण डुलत. शेवटी स्टीलची पट्टी तळाखाली उभी चिकटवा आणि नट तिच्या खालच्या टोकाला बांधा. आता काडी धरून बाटली आडवी करा आणि सोडा. ती झटकन उभी राहते. पालथी करा, तरी उठते.

आमच्या हाउसमध्ये मी हे दाखवले तेव्हा पहिल्यांदा फजिती झाली. घाईत झाकण नीट लावले नव्हते. बाटली एकदा उठली, दुसऱ्यांदा उठली, तिसऱ्यांदा सरळ टबाच्या तळाशी गेली. सगळे हसले. पण त्यातूनच दुसरा नियम समजला. वजन खाली असणे पुरेसे नाही, वरचे झाकणही बंद हवे. खाली कील आणि वर पाणी न शिरणारा डेक, या दोन्ही मिळून नौका उठते.

कीलचे प्रकार आणि तडजोडी

कीलचे दुसरे काम म्हणजे नौकेला बाजूला घसरू न देणे. ते पुढे येईल. आधी त्याचे मुख्य प्रकार पाहू.

१. लांब कील : जवळजवळ सगळ्या तळाच्या लांबीची, आणि सुकाणू तिच्याच मागच्या टोकाला जोडलेले. नौका सरळ रेषेत स्थिर चालते, सुकाणू सुरक्षित राहते. पण वळायला वेळ लागतो आणि वेग कमी.

२. पात्यासारखी अरुंद, खोल कील, म्हणजे फिन कील : पाण्याचे घर्षण कमी, वळणे चपळ, वाऱ्याच्या दिशेने चढणे चांगले. पण नौकेला जास्त सावधपणे हाकावे लागते, आणि खडकावर आपटल्यास सगळा धक्का जोडाच्या बोल्टांवर येतो.

३. दोन कील : तळाच्या दोन्ही बाजूंना एकेक. ओहोटीत नौका चिखलावर सरळ उभी राहते.

४. वर उचलता येणारे पाते : उथळ पाण्यासाठी सोयीचे, पण यंत्रणा वाढते आणि बिघडायची जागाही वाढते.

यांत कुठला चांगला? आधी पाणी कुठले ते विचारायला हवे. दीड मीटर खोल कीलची नौका तिलवारा घाटावर आणली तर पायऱ्यांपासून लांबच अडकेल. आमच्या होडीवाल्या काकांची सपाट होडी पायरीला टेकते आणि आजीसुद्धा उतरू शकते. मराठ्यांच्या आरमारातील गलबतेही कमी खोल पाण्यात चालणारी असत, म्हणून ती खाड्यांत शिरत आणि मोठ्या जहाजांना मागे येता येत नसे. घाटावरून आलो तेव्हा मी काकांच्या होडीला मनात नावे ठेवली होती. आता ठेवत नाही. ती शांत नदीसाठी बनली आहे, आणि त्या जागी तिची रचना बरोबर आहे. चूक प्रवाशाची होती.

फायबरग्लास : मोडलेल्या हाताचे प्लास्टर

गेल्या वर्षी बास्केटबॉल खेळताना माझ्या मित्राचे मनगट मोडले. डॉक्टरांनी पट्टी ओली करून गुंडाळली आणि ती दगडासारखी घट्ट झाली. नुसती पट्टी मऊ असते. नुसते प्लास्टर ठिसूळ असते. दोन्ही एकत्र आली की हात सांभाळतात. फायबरग्लासही असेच आहे. काचेच्या केसासारख्या तंतूंचे कापड ताण सहन करते, आणि रेझिन नावाची कृत्रिम राळ त्या तंतूंना जागेवर धरून ठेवते.

नौका करताना आधी साचा बनवतात. साच्याला मेण लावतात, म्हणजे नंतर नौका सुटून येते. मग जेलकोट नावाचा रंगीत, गुळगुळीत थर देतात. नौकेची बाहेरची चमक तीच. त्यानंतर काचेचे कापड अंथरायचे, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते त्यात मुरवायचे आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. असे एकावर एक थर. जिथे कील जोडली जाते आणि जिथे डोलकाठीच्या तारा बांधल्या जातात, तिथे थर जास्त. बुडबुडा राहिला तर तिथे कच्ची जागा राहते, म्हणून हे काम घाईचे नाही. हार्डनर मिसळल्यावर रेझिन स्वतःच तापते. प्रमाण चुकले तर फार लवकर घट्ट होते किंवा होतच नाही.

अनेक नौकांत दोन थरांच्या मध्ये हलके लाकूड किंवा फोम घालतात. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा पाहा. दोन पातळ कागदांच्या मध्ये पन्हाळीदार कागद असतो, म्हणून तो हलका असूनही वाकत नाही. तेच तत्त्व इथे आहे, त्याला सँडविच म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या नौका वाढल्या. एकाच साच्यातून अनेक नौका निघतात, फळ्यांचे सांधे नसल्याने पाणी झिरपत नाही, लाकूड कुजण्याचा किंवा लोखंड गंजण्याचा प्रश्न नाही, समुद्रातले लाकूड पोखरणारे किडे लागत नाहीत. पण हा पदार्थ अमर नाही. उन्हाने जेलकोट फिका आणि भुरभुरा होतो. बरीच वर्षे पाण्यात राहिल्यावर रेझिनमध्ये पाणी शिरून फोड येऊ शकतात. आणि नौका म्हातारी झाल्यावर लोखंडासारखी तिला वितळवता येत नाही, हा आजचा मोठा प्रश्न आहे.

चिंचोका आणि शीड

शिडाच्या बहुतेक लहान क्रूझरना एक डोलकाठी आणि दोन शिडे असतात : डोलकाठीमागे मुख्य शीड आणि पुढे त्रिकोणी जिब. या रचनेला स्लूप म्हणतात. दोनच शिडे असल्याने कमी माणसांत काम होते.

वारा मागून असेल तर तो शिडाला ढकलतो, हे समजायला सोपे आहे. पण समोरच्या बाजूने वारा असताना नौका पुढे कशी जाते? शिडाचा फुगीर आकार विमानाच्या पंखासारखा काम करतो. त्यावर जे बल तयार होते ते बरेचसे बाजूला आणि थोडे पुढे असते. इथे कीलचे दुसरे काम येते. ती पाण्यात आडवी घसरायला विरोध करते, त्यामुळे बाजूचे बल दाबले जाते आणि पुढे जाण्यापुरता मार्ग उरतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून पाहा. बोटे बाजूने दाबतात आणि चिंचोका पुढे उडतो. वारा एक बोट, पाणी दुसरे बोट, नौका चिंचोका.

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असे नागमोडी जावे लागते.

वारा वाढला की शीड पूर्ण उतरवत नाहीत. त्याचा खालचा भाग दुमडून बांधतात. याला रीफ घेणे म्हणतात. रीफ घ्यावी की नाही असा प्रश्न मनात आला, की तीच घेण्याची वेळ, असे जुने खलाशी सांगतात.

वेगाची एक गंमत. पाण्याला लागलेली नौकेची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर येते तो जड क्रूझरचा साधारण कमाल वेग, नॉटमध्ये. २५ फुटांसाठी तो ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. नौका जाताना स्वतःच लाट तयार करते आणि या वेगाला तिच्याच दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकते. म्हणून तृष्णाचा प्रवास सायकलच्या वेगाने झाला असे समजा. ताशी सरासरी ५ नॉट धरले तरी ३०,००० सागरी मैलांना ६,००० तास, म्हणजे २५० दिवस रात्रंदिवस चालावे लागते.

आत माणूस कसा राहतो?

क्रूझरच्या आतली प्रत्येक वस्तू नौका कलणार असे धरूनच केलेली असते. शेगडी दोन खुंट्यांवर झुलती ठेवतात, म्हणजे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. झोपण्याच्या फळीला कडेने कापड बांधतात, नाहीतर झोपलेला खाली पडेल. मध्यभागी मोठी मोकळी जागा नसते, कारण तोल गेल्यावर हात टेकायला काहीतरी जवळ हवे. आमच्या डॉर्मिटरीत कपाट नीट न लावल्यास उस्ताद शिक्षा करतात. नौकेत ती शिक्षा समुद्र करतो : न बांधलेला डबा कलताना उडून डोक्यावर येतो.

मागे बसण्याची खोलगट जागा असते, तिला कॉकपिट म्हणतात. तिचा तळ पाण्याच्या पातळीच्या वर असतो आणि त्याला मोठी छिद्रे असतात. लाट आत आली तरी पाणी आपोआप निघून जाते. केबिनचे दार पूर्ण खालपर्यंत नसते, उंच उंबरठा असतो, आणि वादळात त्यावर फळ्या बसवतात. तळाशी साचलेले पाणी काढायला हातपंप असतो. पाणी आत-बाहेर नेणाऱ्या प्रत्येक छिद्राला तोटी असते, आणि तोटी तुटली तर ठोकायला तिच्याशेजारी लाकडी खुंटी बांधून ठेवतात. डेकवर पुढून मागे दोर ताणलेला असतो. खलाशी अंगावरचा सुरक्षा पट्टा त्याला अडकवूनच पुढे जातो.

एकट्या माणसाला झोप लागते तेव्हा नौका कोण चालवते? मागे एक वायुपंख असतो. वाऱ्याची दिशा नौकेच्या तुलनेत बदलली की पंख हलतो आणि दोरीने सुकाणू फिरवतो. त्याला वीजही लागत नाही.

गोव्याची म्हादेई आणि नंतरची कसोटी

आपल्या देशात अशा नौका होतात का, असे मला आजोबांनी फोनवर विचारले. होतात. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलाची आयएनएसव्ही म्हादेई बांधली गेली. मांडवीचेच वरच्या भागातले नाव म्हादई, त्यावरून नौकेचे नाव. ती ५६ फुटांची, म्हणजे तृष्णापेक्षा बरीच मोठी. तिचे धड सँडविच पद्धतीचे : आत लाकूड, दोन्ही बाजूंना काचेचे कापड आणि इपॉक्सी रेझिन. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात मुंबईहून निघून चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. याच कारखान्यात तारिणी झाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात तिच्यातून जगाला फेरी मारली. आणि २ ऑक्टोबर २०२४ ला निघून पुढच्या मे महिन्यात फक्त दोघी, दिलना के. आणि रूपा ए., तिच्यातूनच प्रदक्षिणा पूर्ण करून आल्या.

पण 'पडून उठणे' म्हणजे काय ते टॉमी यांच्या दुसऱ्या गोष्टीत दिसते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांची नौका होती थुरिया. ३२ फुटांची, लाकडी, गोव्यातच बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती पालथी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना उठता येत नव्हते. पण थुरिया पुन्हा सरळ झाली होती आणि तरंगत होती. डोलकाठी नसलेल्या त्या नौकेच्या केबिनमध्ये ते पडून राहिले, आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या ओसिरिस जहाजाने त्यांना बाहेर काढले. धड आणि डेक यांनी पाणी बाहेर ठेवले नसते, तर पोहोचलेल्या जहाजाला काही सापडले नसते.

२०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. या वेळी नौका बायानात : रस्लर ३६ प्रकारची, ३६ फुटांची, फायबरग्लासची, लांब कीलची. या शर्यतीत उपग्रहाच्या मदतीने दिशा शोधायला बंदी असते. वायुपंखाचे पाते तुटले तेव्हा त्यांनी शौचकूपाचे दार कापून नवे केले. एप्रिल २०२३ मध्ये ते फ्रान्सला पोहोचले, दुसऱ्या क्रमांकाने.

शेवटी

मी आजोबांना उत्तर पत्राने कळवले. तीन ओळींत : "वजन खाली ठेवतात. वरून पाणी शिरू देत नाहीत. आणि आधीच धरून चालतात की एक दिवस ती पडणार आहे."

त्यांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की पहिल्या दोन गोष्टी नौकेच्या आहेत, तिसरी तुझी आहे.

मला ते लगेच कळले नाही. मग होडीतला तो क्षण आठवला. होडी कलणार नाही असे मी गृहीत धरले होते, म्हणून बहिणीच्या अंगात जॅकेट नव्हते. नौका बनवणारा माणूस असे कधीच गृहीत धरत नाही. तो शांत दिवशी, कारखान्यात बसून, वादळाची तयारी करतो.

पुढच्या सुट्टीत तुमच्या गावी नदी, तलाव किंवा खाडी असेल तर एवढे करा. होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट घाला आणि लहानांना आधी घालायला लावा. चढताना मध्यावर पाय ठेवा. आत गेल्यावर खाली बसा आणि दोन्ही बाजूंना सारखे बसा. फोटो बसूनच काढा. होडीवाल्याने 'बसा' म्हटले तर आधी बसा, कारण मागून विचारा.

आईशी बोलायचे काम आजोबांनी केले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा घाटावर जाणार आहे. पट्टी लावलेली बाटली बरोबर नेणार आहे. होडीवाल्या काकांना दाखवायची आहे, आणि बहिणीलाही. तिने अजून मला माफ केलेले नाही. ती बाटली पालथी करून पाहील तेव्हा कदाचित करील.